निवृत्ती, धाकाचा वाद राहिला

निवृत्ती,

परवा तू गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाला विहारात मला चार शब्द बोलायला उभं केलं. लोकांना वाटलं, शाळेपासूनचा मित्र आहे, कॉलेजात शिकवतो, बरं बोलेल. मी उभा राहिलो, तुझ्या फोटोकडं पाहिलं आणि तोंडातून निघालं, "निवृत्तीचं एक म्हणणं मला कधीच पटलं नाही."  पुढच्या रांगेतले तुझे मेहुणे खाली बघायला लागले. मला पुढचं वाक्य सुचेना. हात जोडून मी खाली बसलो. निघताना कौसल्यावहिनी दारापाशी आल्या. म्हणाल्या, "भावजी, त्यांना आवडलं असतं. गोड बोलला असता तर रागावलं असतं."

तिथं जे बोलता आलं नाही ते इथं लिहितो आहे. तू मध्येच तोडणार नाहीस, याची अजून सवय झालेली नाही. एक वाक्य लिहून झालं की मी थांबतो.

आपण इंदापूरच्या बोर्डिंगात भेटलो तेव्हा दोघांच्याही घरातलं जुनं काहीतरी नुकतंच सुटलेलं होतं. माझ्या बापानं मेंढरं विकून ऊस लावला होता. तुझ्या बापानं छप्पनच्या लाटेत दीक्षा घेतली होती आणि घरातले देव ओढ्यात सोडले होते. तुझं नाव तेवढं तसंच राहिलं. कुणी विचारलं तर म्हातारा म्हणायचा, देव सोडले, आता पोरगं कसं सोडू. तू त्याची ही गोष्ट सांगताना दरवेळी हसायचास.

पुढं मी बारामतीला पदार्थविज्ञान शिकवायला लागलो. तू डिप्लोमा करून लासुर्ण्याजवळच्या इंजिनिअरिंग कारखान्यात लागलास आणि निवृत्त होईपर्यंत टेस्टिंगच्या शेडमध्येच राहिलास. तू एकदा मला ती शेड दाखवली होतीस. घरापेक्षा मोठी लोखंडी टाकी पाण्यानं भरलेली, तिच्यात कामाच्या वेळी असतो त्याहून जास्त दाब चढवलेला, आणि तू गेजच्या काट्याकडं बघत उभा.  मला तिथून लांब जावंसं वाटत होतं. काटा हलला नाही तेव्हा तू सही केलीस आणि म्हणालास, "आता ही कुठंबी जाऊ दे." आपला सगळा वाद तिथंच सुरू झाला असावा, पण तेव्हा आपल्याला ते माहीत नव्हतं.

अठ्ठ्याण्णवची बुद्ध पौर्णिमा. दरवर्षीसारखा मी लासुर्ण्याला आलो होतो. ऊन असं की विहाराच्या पत्र्याखाली उभं राहवत नव्हतं, कॅनॉल कोरडा पडला होता. उन्हं कलल्यावर मंडप भरला. बायका पांढऱ्या साड्यांत, पोरं पांढऱ्या सदऱ्यांत. वंदना झाली, खिरीचं पातेलं बाहेर आलं आणि तू पळी हातात घेतलीस. ते काम तू कधी दुसऱ्याला दिलं नाहीस. तेवढ्यात कोपऱ्यावरच्या दुकानातून एक जण धावत आला. टीव्हीवर सांगत होते, राजस्थानच्या वाळवंटात आपण अणुबॉम्बच्या चाचण्या केल्या. जयंतीसाठी आणलेली फटाक्यांची माळ कुणीतरी लगेच रस्त्यावर अंथरली. कुणी कौतुकानं म्हणालं, बुद्धाच्या दिवशीच केलं बघा.

धूर मंडपात शिरला. लहान पोरं खोकायला लागली. खिरीवर राख बसू नये म्हणून तू पातेल्यावर झाकण ठेवलंस आणि माझ्याजवळ आलास.

"मल्हारी," तू म्हणालास, "आमच्या बाच्या घरात वर्सातला ह्यो एक दिस असा होता, की कुणाला भ्यायचं न्हाय आन् कुणाला भिववायचं न्हाय. ह्यांनी नेमका ह्योच का काढला?"

योगायोग असेल, असं मी म्हणालो. खरं तर माझी छाती फुगली होती. वर्गात वर्षानुवर्षं फळ्यावर काढलेलं समीकरण आपल्या माणसांनी जमिनीखाली खरं करून दाखवलं होतं, आणि त्या संध्याकाळी मला दुसरं काही सुचत नव्हतं. तू माझ्या चेहऱ्याकडं पाहिलंस आणि परत जाऊन खीर वाढायला लागलास. 

महिना संपायच्या आत शेजारच्या देशानंही त्याच्या डोंगरात बॉम्ब फोडून दाखवला. मग सगळीकडं एक विचित्र स्वस्थता पसरली, वळवाच्या आधी पानही हलत नाही तशी. सरकारनं सांगितलं, झालं तेवढं पुरे, आता आपण आणखी चाचण्या करणार नाही. परदेशातले भूकंप मोजणारे शास्त्रज्ञ म्हणायला लागले की तुमचा मोठा बॉम्ब तुम्ही सांगता तेवढा फुटलेलाच नाही. आपले शास्त्रज्ञ म्हणाले, फुटला, हवी ती माहिती मिळाली, उरलेलं कॉम्प्युटरवर होईल. पेपरांत लेखावर लेख यायला लागले. पुन्हा तपासल्याशिवाय हा बॉम्ब धाक घालू शकतो का?

या एका प्रश्नावर आपण दीड वर्ष काढलं. तू निवृत्त झालेला, मला सुट्टी मिळाली की तू एसटीनं बारामतीला यायचास. स्टँडवरच्या कॅन्टीनमध्ये आपण बसायचो, चहा गार व्हायचा. माझं म्हणणं साधं होतं. समोरच्याला आपला बॉम्ब फुटणारच अशी खात्री असावी लागत नाही. तो फुटणार नाही अशी खात्री त्याला नसली, तरी पुरे. कुठला शहाणा माणूस लाखो माणसं त्या शंकेवर लावील? धाक शंकेवरच चालतो, चाचण्यांची गरज नाही, आणि चाचण्या थांबल्या तर जगाचंही भलंच आहे.

तू पहिल्यांदा टेस्टिंगवाल्याचं उत्तर दिलंस. शंका असलेल्या टाकीवर मी सही करत न्हाय, म्हणालास. मी म्हणालो, टाकी वापरायची असते, हा बॉम्ब न वापरण्यासाठी आहे. तू त्यावर नुसता कप फिरवत राहिलास. मला वाटलं, जिंकलो.

मग तू काठीची गोष्ट काढलीस. तुमच्या लहानपणी गावात एका मोठ्या घराच्या ओसरीला एक काठी टेकवून ठेवलेली असायची. वाटेनं जाताना तुम्ही सगळे तिच्याकडं बघत जायचा. ती उचललेली तू फार कमी वेळा पाहिलीस.

"तुला वाटतंय काठी नुसती टेकून ठिवली की झालं," तू म्हणालास. "तू वरनं बघितलायस धाक. आमी खालनं बघितलाय. लोकं इसरत्यात, मल्हारी. मग कवातरी कुणाच्यातरी पाठीवर ती उतरवावीच लागती. कुणी काय केलेलं नसतं. नुसतं काठी हाय ह्याची याद राहावी म्हणून."

त्या दिवशी एसटी लागेपर्यंत आपण बसून राहिलो.  आजही मला त्यावर उत्तर सापडलेलं नाही. देशांचं गावासारखं नसतं, असं म्हणता येतं. पण ते म्हणताना माझा आवाज मलाच पोकळ वाटतो.

त्या हिवाळ्यात आमच्या विज्ञान मंडळानं बारामतीत या विषयावर जाहीर वाद ठेवला. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला तू. हॉल भरला होता. मी माझं मांडलं, टाळ्या बेताच्याच पडल्या. तू उठलास आणि शांतपणे सांगायला लागलास, की न तपासलेल्या वस्तूवर भरवसा ठेवता येत नाही, चाचण्यांशिवाय हा धाक टिकणार नाही, दर काही वर्षांनी पुन्हा फोडून दाखवावा लागेल. हॉल उठून टाळ्या वाजवायला लागला. त्यांना वाटलं, तू आणखी बॉम्ब फोडा म्हणतोयस. मला हसू येत होतं आणि भीतीही वाटत होती, कारण पुढं काय येणार ते मला ठाऊक होतं. टाळ्या थांबेपर्यंत तू वाट पाहिलीस.

"म्हणून त्यो नको," तू म्हणालास. "तपासल्याबिगर त्याचा भरवसा न्हाय. आन् तपासत बसलं तर शेजारी बी तपासत बसणार. आपल्याच काठीवर ज्याला शंका येती, त्यो ती आधी उगारतो."

आधी कुणाला कळलंच नाही. मग मागून आवाज यायला लागले. तुमच्या लोकांना देशाचं काय पडलंय, असं एक जण बोलला. अध्यक्ष खुर्चीतून अर्धवट उठले, मी उठलो. तू हात करून आम्हाला खाली बसवलंस. आवाज न चढवता तू त्या माणसाला सांगितलंस, माझा मुलगा मिलिंद तोफखान्यात आहे, तिकडं वर, बर्फात. तुमचा कुठं आहे? तो बसला. पण बाहेर पडताना कुणी तुझ्याशी बोललं नाही. स्टँडपर्यंत आपण दोघंच चालत गेलो. रस्त्यात तू एवढंच म्हणालास की मिलिंदचं नाव तिथं घ्यायला नको होतं.

नंतर काही महिने शांत गेले, आणि पुढच्या उन्हाळ्यात वरच्या डोंगरांवर लढाई सुरू झाली. दोन्ही देशांकडे बॉम्ब होता, दोघांनीही तो फोडून दाखवला होता, आणि तरीही लढाई झाली. मिलिंदचा फोन यायचा बंद झाला. तू रोज चालत एसटीडी बूथवर जायचास. बूथवाला तुला बघितलं की आधीच मान हलवायचा. कौसल्यावहिनींनी टीव्ही लावायचं सोडून दिलं. शवपेट्या गावोगाव यायला लागल्या होत्या. रस्त्यावर अनोळखी जीप दिसली की त्या आत निघून जायच्या.

त्याच दिवसांत मी तुला जबरदस्तीनं भिगवणला घेऊन गेलो. घरात बसून तुझं काही खरं नव्हतं. उजनीचं पाणी खूप मागं गेलं होतं. बुडालेल्या गावांचे चौथरे, विहिरींची तोंडं, एका देवळाचा कळस, सगळं उघडं पडलं होतं आणि त्यावर बगळे बसले होते. रस्त्याकडेच्या खानावळीत आपण मासे मागवले. भिंतीवरच्या टीव्हीत तोफांचा धूर दिसत होता. शेजारच्या बाकावरचा एक ट्रकवाला, चांगला, पोक्त माणूस, भाकरी मोडता मोडता सहज म्हणाला, "एवढी पोरं मारण्यापरीस त्यो बॉम्ब टाकून द्यावा एकदाचा. आणलाय कशाला?"

तू त्याच्याकडं वळलास. मला वाटलं, तू भांडशील. तू विचारलंस, "कुठं टाकायचा, पाव्हणं?"

"तिकडंच की. वर."

"वर माजं पोर हाय."

तो माणूस हातातला घास तसाच धरून बसला. मग उठला, हात धुतले आणि परत येऊन तुझ्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला.  तू ताटातला मासा तसाच सोडलास. बाहेर आल्यावर पाण्याकडं बघत तू मला म्हणालास, "ह्यो वाईट माणूस न्हाय, मल्हारी. ह्येचंच भ्या वाटतं." ते चौथरे, तो कळस, आणि वारा नसलेली ती दुपार. मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की आपण ज्याच्यावर चहा पीत वाद घालतो ते खरोखर होऊ शकतं. तोवर ते माझ्यासाठी फळ्यावरचंच होतं.

मिलिंद वाचला. थंडी सुरू होताना तो सुट्टीवर आला, उजवा कान कायमचा गेलेला. तोफेशेजारी उभं राहून गेला, म्हणाला. तू त्याला भेटलास तेव्हा रडला नाहीस. त्याला आंघोळीला पाणी काढून दिलंस आणि स्वतः त्याची पाठ घासलीस, लहानपणी घासायचास तशी. मी आलो तेव्हा वहिनींनी हे सांगितलं.

संध्याकाळी अंगणात आपण तिघं बसलो. मी मिलिंदला विचारलं, सगळ्यात अवघड काय होतं? तो म्हणाला, वरून हुकूम होता, ताबारेषा ओलांडायची नाही. समोरून मारा व्हायचा, पलीकडं कुठून होतोय ते दिसायचं, पण रेषा ओलांडायची नाही. आपण दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. तो बोलायचा थांबला नव्हता, तरी आपला वाद सुरू झाला. मी म्हणालो, बघ, बॉम्ब होता म्हणून लढाई तेवढ्यावरच राहिली, दोघंही भिऊन होते. तू म्हणालास, बॉम्ब होता म्हणूनच त्यांना आत यायचं धाडस झालं, आपले हात बांधलेले आहेत हे त्यांना ठाऊक होतं. त्याच एका हुकमातून दोघांनी आपापलं काढलं. मिलिंद डावा कान पुढं करून दोघांचं ऐकत होता. मग त्यानं विचारलं, "पण पुढच्या टायमाला?"

 वहिनींनी जेवायला हाक मारली.

तुला झटका आला तो त्यानंतर थोड्याच दिवसांनी. बारामतीच्या दवाखान्यात मी पोचलो तेव्हा तुझी उजवी बाजू गेली होती आणि वाचाही. डोळे मात्र तुझेच होते, तसेच, वाक्य संपायची वाट बघणारे. मला काय करावं कळेना. मी रोज कॉलेज सुटल्यावर यायचो आणि तुला पेपर वाचून दाखवायचो. चाचणीबंदीच्या करारावर आपण सही करावी का, यावर लेख येत होते. ज्या महासत्तेनं जगाला तो करार सांगितला तिच्याच संसदेनं तो फेटाळला होता. मी माझी बाजू मांडायचो, आणि तू बोलू शकत नव्हतास म्हणून तुझीही मीच मांडायचो.

"आता तू म्हणशील, सगळे पुन्हा फोडणार," मी म्हणालो.

तू मान हलवलीस. नाही.

"म्हणशील, त्यांनी फोडले नाहीत तरी धाक टिकायचा नाही."

नाही.

मी आणखी दोन-तीन गोष्टी सांगून पाहिल्या. मिलिंदचं विचारलं. नाही. तू डावा हात उचललास, माझ्याकडं केलास, मग स्वतःकडं, आणि तळवा उताणा करून तसाच धरलास. चेहऱ्यावर राग नव्हता. फार काहीतरी महत्त्वाचं होतं ते. मी तुझ्या तोंडाजवळ कान नेला, नुसता श्वास आला. वहिनी म्हणाल्या, पाणी मागत असतील. त्यांनी चमच्यानं पाणी पाजलं. तू प्यायलास आणि डोळे मिटलेस. दुसऱ्या दिवशी मी आलो तेव्हा खाट रिकामी होती, गादी गुंडाळून ठेवलेली.

तो उताणा तळवा मी कितीदा आठवून पाहिला. तू आणि मी, दोघंही चूक? दोघंही बरोबर? सोड आता हे सगळं? की खरंच पाणीच हवं होतं? आयुष्यभर तू मला तुझं म्हणणं इतकं स्वच्छ सांगितलंस की मला तुझा अंदाज करायची सवयच लागली नाही. तुझ्याशी वाद घालून माझं डोकं जागं राहिलं, हे मी तुला कधी सांगितलं नाही. बारामतीत पदव्यांची माणसं पुष्कळ आहेत, पण माझं उत्तर ऐकून घेऊन मग त्यावर आठवडाभर विचार करून परत येणारा तूच होतास.

काल मिलिंद परत ड्यूटीवर गेला. कान गेला तरी पलटणीनं त्याला ठेवून घेतलं आहे, हलकं काम देणार म्हणे, पण तिकडंच, वरच. वहिनींनी त्याला अडवलं नाही. भिगवण स्टेशनवर सोडायला मी गेलो. सकाळ होती, पाण्यावरून धुकं येत होतं, पलीकडचा काठ दिसत नव्हता. गाडी यायची होती. फलाटावर बॅग ठेवून तो माझ्या उजव्या बाजूला येऊन उभा राहिला, चांगला कान माझ्याकडं करून.

"काका," तो म्हणाला, "तुमच्या दोघांत बरोबर कोण? आण्णा का तुम्ही?"

धुक्यात गाडीचा दिवा दिसतो का ते मी पाहिलं. मग म्हणालो, "मी बरोबर असेन तर ते कधीच कुणाला कळणार नाही. काही झालं नाही, एवढंच दिसत राहील. तुझे आण्णा बरोबर असतील तर ते सगळ्यांना एकाच दिवशी कळेल."

त्यानं ते नीट ऐकलं. तुझ्यासारखाच खाली बघून विचार केला.

"म्हंजे आण्णा चुकावं, असंच म्हणायचं आपण," तो म्हणाला.

"व्हय," मी म्हणालो.

गाडी आली. त्यानं वाकून माझ्या पायांना हात लावला आणि चढला. गाडी धुक्यात गेल्यावरही मी फलाटावर थांबलो होतो. तुझं पोर आणि मी, दोघं मिळून तुझ्याविरुद्ध असे उभे राहिलो ते पहिल्यांदाच. तुला गंमत वाटली असती. निवृत्ती, आपल्या बहुतेक वादांत तू जिंकलास आणि मी ते मनात कबूल केलं. या एका वादात मात्र जिंकू नकोस.

तुझा,
मल्हारी